उंबरठ्याखालचा प्रकाश

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या एका कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात चोरी उघडकीला आली. चोरीला काय गेलं म्हणाल, तर अंधार. फार मोठा नाही, नखाएवढ्या एका चिपेमागे पडायचा तेवढाच. पण तो ऐनवेळी पडला नाही, आणि एका पोरीचं नाव मातीत गेलं.

विभागप्रमुख डॉ. कुसुम गिरडकर, म्हणजे सगळ्यांच्या कुसुमताई, त्या सकाळी फार खुशीत होत्या. पुण्याहून एक नामांकित पाहुणे आले होते, आणि त्यांना कुसुमताईंची विद्यार्थिनी मयुरी धकाते हिचा प्रयोग पाहायचा होता. प्रयोग सांगायला सोपा आहे. गॅलियम आर्सेनाइड नावाच्या अर्धवाहकाची चिप घ्यायची. तिच्यावर डोळ्यांना न दिसणारा असा प्रकाश सोडायचा, की जो तिच्यातून सहज आरपार जातो. मग चिपेला व्होल्टेज द्यायचं. आत विद्युतक्षेत्र उभं राहिलं की तीच चिप तोच प्रकाश गिळायला लागते, आणि पलीकडच्या डिटेक्टरचा आकडा खाली येतो. मयुरीने हा आकडा कितीतरी वेळा खाली आणला होता. तिचा सगळा प्रबंध त्या घसरणीवर उभा होता.

मयुरी सणाला उमरेडला घरी गेली होती. परतताना एसटी खचाखच भरलेली, दीक्षाभूमीच्या गर्दीमुळे शहरातले रस्ते वळवलेले. ती धापा टाकत पोचली तेव्हा पाहुणे खुर्चीत स्थिरावले होते, खोलीतले दिवे मालवले होते, चिपेच्या डब्याचं झाकण काढून ठेवलं होतं आणि कुसुमताई स्वतः व्होल्टेज देणाऱ्या सप्लायपाशी उभ्या होत्या.

“आजच्या दिवशी काळा कुर्ता काहून घातला वं?” कुसुमताई दबक्या आवाजात म्हणाल्या.

“मॅडम, मले एकदा कनेक्शन पाहू द्या ना.”

“आधीच उशीर करून राहिली, आता कशाला हात लावते? मागे उभी राह.”

कुसुमताईंनी व्होल्टेज दिलं. आकडा खाली आला नाही. त्यांनी बटण आणखी फिरवलं. आकडा जागचा हलला, पण वर गेला.

पाहुणे गालातल्या गालात हसले. “मॅडम, तुमची चिप प्रकाश गिळायच्याऐवजी ओकायला लागली की हो.”

मोठ्या माणसांचं एक असतं, चूक त्यांना चालते, हसं चालत नाही. कुसुमताईंनी दिवे लावायला सांगितले आणि सगळ्या विभागासमोर मयुरीला विचारलं, “हे आलेख तू घरी बसून काढले ना?”

“नाही मॅडम. दरवेळी आकडा खाली येत होता. मले फक्त एकदा पाहू द्या.”

“तू या खोलीत आता पाय ठेवायचा नाही.”

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी बरं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या उमरेडला तिच्या वडिलांना फोन लावला. “ताराचंदजी, तुमच्या मुलीने खोटे आकडे लिहून आमची फसवणूक केली आहे. तिची नोंदणी रद्द होईल.”  पलीकडून “बरं जी,” एवढंच आलं. कुसुमताईंनी खोलीला स्वतःच्या हाताने कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

२

रागात केलेली तक्रार कागदावर उतरली की ती कोणाच्या बापाचं ऐकत नाही. प्राचार्यांनी चौकशी समिती नेमली, आणि समितीने आधी खरं-खोटं पाहायला एका बाहेरच्या बाईंना बोलावलं. सत्यवती मेश्राम त्यांचं नाव. पोलिसांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या, डोळ्यांवर जाड चष्मा, पदराला गाठ मारून ठेवलेली बडीशेप. त्यांनी “खोटं” म्हटलं की सोमवारी समिती मयुरीची नोंदणी रद्द करणार आणि मग देशातल्या कुठल्याच विद्यापीठाचं दार तिला उघडणार नव्हतं.

“मला अडाणी समजा,” सत्यवतीबाई कुसुमताईंच्या केबिनमध्ये बसत म्हणाल्या. “चिप प्रकाश गिळते म्हणजे काय करते?”

शिकवायचं म्हटलं की कुसुमताईंचा चेहरा उजळायचा. “समजा, चिपेला एक उंबरठा आहे. तो ओलांडायचं बळ ज्या प्रकाशात आहे, तो आत घेतला जातो. बळ जरा कमी पडलं तर तो तसाच आरपार निघून जातो. मयुरीचा प्रकाश मुद्दामच थोड्या कमी बळाचा होता, उंबरठ्याखालचा. पण चिपेत जबर विद्युतक्षेत्र उभं केलं की उंबरठा तिरपा होतो. त्याला उतार मिळाला की हा दुबळा प्रकाशही थोडा थोडा आत शिरतो. म्हणून पलीकडे अंधारतं.”

“हे जगात दुसरीकडे दिसलंय?”

“कितीतरी ठिकाणी. पाठ्यपुस्तकात आहे.”

“मग जे खरंच दिसतं, ते मुलीने खोटं कशाला बनवावं? मोजणं सोपं नाही का?”

“आळस,” कुसुमताई म्हणाल्या. शब्द तोंडातून निघाला आणि त्यांच्याच कानाला बरा वाटला नाही. मयुरी कशीही असेल, आळशी नव्हती.

मग अंकुरला बोलावलं. अंकुर दुसरा संशोधक विद्यार्थी, नरखेडकडच्या संत्रा बागायतदाराचा मुलगा. हाच डिटेक्टर त्यालाही लागायचा, आणि कोणी कधी वापरायचा यावरून त्याची आणि मयुरीची रोज कुरबूर व्हायची.

“हाव, भांडन होत होतं आमचं,” तो म्हणाला. “पन भांडनं वेगळं अन् हे वेगळं. मी खंडेनवमीच्या पूजेले झेंडू आनून दिले, हार करून टेबलावर ठेवले अन् पूजा सुरू व्हायच्या पहिलेच गावाची बस धरली. बागेत मानसं लावली होती. प्रयोगाच्या सकाळीच वापस आलो.”

“प्रयोगाच्या वेळी तू काय करत होतास?”

“व्हिडिओ काढून राहिलो होतो जी. विभागाच्या पेजवर टाकाचा होता. मग असा तमाशा झाला, कुठं टाकता?”

“तो आहे अजून?”

अंकुरने कुसुमताईंकडे पाहिलं, मग खिशातून फोन काढला. “आहे ना. पन त्याच्यात अंधाराशिवाय काही नाही.”

सत्यवतीबाईंनी तो तीनदा, चारदा पाहिला. मग फोन आपल्याजवळच ठेवून घेतला आणि म्हणाल्या, “अंधारात बरंच काही आहे.”

३

त्यांनी लगेच काही सांगितलं नाही. तपास करणाऱ्यांना लोकांचा जीव टांगणीला लावायची खोड असते, आणि सत्यवतीबाईंना ती पुरेपूर होती. “आधी मुलीशी बोलते,” म्हणाल्या. मयुरी उमरेडहून आली होती. तिला शेजारच्या छोट्या खोलीत बसवलं. मधली भिंत प्लायवूडची. कुसुमताई आपल्या खुर्चीत बसून राहिल्या. उठून जायला हवं हे त्यांना कळत होतं, पण त्या उठल्या नाहीत. चोरून ऐकायचं वय नाही आपलं, असं मनात म्हणत त्यांनी पंखा बंद केला.

“आकडे खरे आहेत,” मयुरीचा आवाज आला. “पूजेच्या आदल्या दिवशीही मी पाहिलं. आकडा खाली आला होता.”

“मग तीन दिवसांत काय झालं?”

“मले काय मालूम? मी तं घरी होती. मी मॅडमले म्हनलं, कनेक्शन पाहू द्या. त्याहीनं पाहू नाही दिलं. चिप काही बिघडली नसन, तिले मी सप्लायवरून करंटची हद्द घालून ठेवली होती. जास्त करंट गेलाच नसता.”

“तुझ्या मॅडम रागीट आहेत का?”

“नाही जी. चांगल्या आहेत. पन मी पोचली तं त्या पहिले काय बोलल्या सांगू? काळा कुर्ता काहून घातला म्हने. गाडीत धक्के खात आली, घामानं निथळून राहिली होती मी. अन् त्याहीले माह्या कुर्त्याचा रंग दिसला. त्याहीच्यासारखी प्राध्यापक व्हाचं होतं मले. आता आमच्या गल्लीत लोक बाबाले विचारतात, पोरीनं कॉलेजात काय चोरलं म्हनून.”

कुसुमताईंनी डोळे मिटले. मुलगी खोटं बोलत असेल तर फार छान बोलते आहे, असा विचार त्यांच्या मनात आला. पण तो विचार किती केविलवाणा आहे हे त्यांना लगेच समजलं.

दार उघडून सत्यवतीबाई आत आल्या. बंद पंख्याकडे त्यांनी एकवार पाहिलं आणि बटण दाबून तो चालू केला. ते कुसुमताईंना झोंबलं.

“मुलगी परत गेली,” त्या म्हणाल्या. “आता प्रयोगशाळेची किल्ली काढा ताई. आणि तुमच्या त्या दुरुस्तीवाल्यालाही बोलवून घ्या. मला तुमच्या चिपेला काही विचारायचंय.”

४

दुरुस्तीवाले ओमप्रकाशजी. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं उपकरणांचं दुकान. पूजेच्या सकाळी येऊन त्यांनी सगळी यंत्रं पुसून, तपासून दिली होती.

“मॅडमजी, माझ्याकडून काही गडबड नाही,” ते आल्या आल्याच म्हणाले. “जुन्या तारा सडल्या होत्या, म्हणून मी नवीन जोडी लावली. एक लाल, एक काळी. जशी होती तशीच लावली, चालू करून पाहिली, आकडा खाली येऊन राहिला होता. मग निघालो. पूजेले थांबलो नाही, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जायचं होतं.”

कुसुमताईंनी कुलूप काढलं. टेबलावर वाळलेले झेंडू अजून पसरलेले होते. सप्लायपासून चिपेच्या डब्यापर्यंत दोन तारा गेल्या होत्या. दोन्ही लाल.

ओमप्रकाशजी वाकून पाहत राहिले. “ये तो मेरी नहीं. म्हणजे एक माझी आहे, एक नाही. दोन लाल कोण लावते? प्लस कोणता अन् मायनस कोणता, कसं समजणार?”

सत्यवतीबाईंनी फोन पुढे केला. व्हिडिओत अंधार, अंधारात पाहुण्यांच्या चष्म्याची कड, आणि मग कुसुमताईंचा हात सप्लायकडे जातो. त्याच क्षणी डब्याच्या मध्यभागी, चिपेच्या जागी, एक फिकट जांभळा ठिपका उमटतो. हात बटण फिरवतो तसा तो ठळक होतो. व्होल्टेज काढल्यावर गायब.

“त्या दिवशी खोलीत कोणाला हा ठिपका दिसला?”

“नाही,” कुसुमताई म्हणाल्या. “दिसणारच नाही. टीव्हीच्या रिमोटचा दिवा आपल्याला दिसत नाही, पण फोनच्या कॅमेऱ्यात जांभळा दिसतो ना, तसं आहे हे.”

“तुमचा सोडलेला प्रकाश असेल?”

“तो फार मंद असतो, कॅमेऱ्यात येणार नाही. शिवाय तो सतत चालूच होता. हा व्होल्टेजबरोबर येतो आणि जातो.” त्या सावकाश बोलू लागल्या, वर्गात फळ्यापुढे बोलावं तशा. “म्हणजे चिप स्वतःच उजळली. म्हणूनच आकडा वर गेला. पाहुणे थट्टेत म्हणाले, पण ते खरंच होतं, चिप प्रकाश ओकत होती. आणि चिप उजळते केव्हा? ती करंटला एकाच दिशेने सहज वाहू देते; मयुरीच्या जोडणीच्या उलट, त्या सोयीच्या दिशेने करंट वाहिला की ती उजळते. धरणाचं दार बंद असलं तरच पाणी दाब धरून उभं राहतं. दार उघडलं की पाणी वाहून जातं आणि दाब संपतो. मयुरी दार बंद ठेवून जोडत होती, म्हणून विद्युतक्षेत्र उभं राहायचं. त्या दिवशी दार उघडं होतं. क्षेत्रच नव्हतं, तर चिप गिळणार कशाने?”

“आता तारा अदलाबदल करा,” सत्यवतीबाई म्हणाल्या.

कुसुमताईंनी टोकं काढून उलटी लावली. दिवे मालवले. व्होल्टेज दिलं. डिटेक्टरचा आकडा थरथरला आणि खाली आला. आणखी दिलं, आणखी खाली. मयुरीच्या आलेखावर जसा उतार होता तसाच.

 कुसुमताईंना आधी आनंद झाला, अगदी लहान पोरीसारखा, कारण प्रयोग खरा होता. मग त्या आनंदाच्या पाठोपाठ जे आलं त्याला तोंड द्यायची त्यांची तयारी नव्हती. आणि तयारी नसली की माणूस दुसऱ्याचं तोंड शोधतो.

“अंकुर!” त्या कडाडल्या. अंकुर दारातच उभा होता. “तू फुलं ठेवायच्या निमित्ताने आत आलास. तिच्यावर खार खाऊन होतास. तार तू बदललीस!”

अंकुरचा चेहरा पांढराफटक पडला. मग लाल झाला. “मॅडम,” तो म्हणाला, “तुम्हाले दर हप्त्याले एक चोर पाहिजे का?”

५

अंकुर निघून गेला. ओमप्रकाशजींनीही पिशवी उचलून काढता पाय घेतला. सत्यवतीबाईंनी पदराची गाठ सोडली, बडीशेपेचे चार दाणे तोंडात टाकले आणि स्टूल ओढून बसल्या.

“पोरगा बरोबर बोलला ताई.”

“पण तार कोणी तरी बदलली आहेच ना?”

“बदलली. कोणी, ते आपण दोघी मिळून पाहू. समजा मला मयुरीचा प्रयोग मोडायचा आहे. माझ्यासमोर एक लाल तार, एक काळी. मी काय करेन? टोकं उलटी करेन. रंग तसेच ठेवेन, म्हणजे पाहणाऱ्याला सगळं जागच्या जागी वाटेल. नवी लाल तार हुडकत कशाला बसेन? दोन लाल तारा तर शेंबडं पोरही ओळखेल की इथे कोणी हात घातलाय.”

“मग?”

“मग ज्याने हे केलं त्याला प्रयोग मोडायचा नव्हताच. त्याला उलटं-सुलटं काही करायचं नव्हतं. त्याला फक्त काळी तार तिथे नको होती. ती काढली, लाल लावली, आणि त्या भानगडीत कोणती कुठली होती ते विसरलं.” सत्यवतीबाईंनी चष्मा पुसला. “काळी तार कोणाला नको होईल? ओमप्रकाशजींना नाही, त्यांनीच आणली. अंकुरला हार ठेवून बस गाठायची घाई. शिपायाकडे किल्ली नाही. आणि तो दिवस कोणता होता? पूजेचा.”

कुसुमताईंचं लक्ष टेबलावरच्या वाळल्या झेंडूंकडे गेलं.

“इतकी माणसं पाहिली मी आयुष्यात,” सत्यवतीबाई म्हणाल्या. “धावत पळत, घामाघूम होऊन एक मुलगी येते. तिच्या आयुष्याचा दिवस आहे. आणि सगळ्यात आधी तिचा काळा कुर्ता कोणाच्या डोळ्यात भरतो?”

कुसुमताईंना उत्तर द्यायचं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण त्याआधी त्यांचा हात टेबलाच्या सर्वांत खालच्या खणाकडे गेला. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. हाताला ठाऊक होतं. खणात जुनी फडकी होती, आणि फडक्यांवर नीट गुंडाळून ठेवलेली काळी तार.

मग सगळं आठवलं, आणि ते अगदी साधं होतं. सप्लायवर झेंडूचा हार. हळदीकुंकवाची बोटं लावताना हारातून बाहेर आलेली ती काळी तार. लहानपणापासून आई म्हणायची, देवापुढे काळं नको. त्यांनी काही विचार केला नव्हता. दोन्ही तारा उपसल्या, काळी खणात टाकली, लाल शोधली, परत लावल्या, हात जोडले. डोक्याला खबरही नव्हती, जशी कपाळावरची बट मागे सारताना नसते. त्याच आठवड्यात त्यांनी एका शाळेत वैज्ञानिक दृष्टिकोनावर भाषण दिलं होतं, आणि पोरांनी जोरात टाळ्या वाजवल्या होत्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. कुसुमताईंनी गावाला नुसता वळसा घातला नव्हता, वाटेत दोन माणसांना चोर ठरवलं होतं.

“मी,” त्या म्हणाल्या. काळी तार त्यांनी टेबलावर ठेवली.

“मला कळलं होतं,” सत्यवतीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा मागमूस नव्हता. “माझ्या अहवालात मी एवढंच लिहू शकते की पूजेच्या गडबडीत अनवधानाने तारा बदलल्या, मुलगी निर्दोष. कोणी बदलल्या ते समिती विचारणार नाही, मोठ्या माणसांची इभ्रत त्यांनाही ठाऊक असते. मुलगी सुटेल. पण लोक म्हणतील, मॅडमनी मोठ्या मनाने माफ केलं. काय लिहू ते तुम्ही सांगा.”

मोह झाला. इथे लपवायचं कारण नाही, कुसुमताईंना मोह झाला. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती, सगळा जन्म ताठ मानेने गेला होता. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. 

“नाव लिहा,” शेवटी त्या म्हणाल्या. “आणि मला समितीपुढे उभं राहून बोलू द्या. ज्यांच्यासमोर तिला बोलले, ते सगळे तिथे हवेत.”

६

सोमवारी कुसुमताई बोलल्या. लिहून आणलेला कागद त्यांनी बाजूला ठेवला. काळ्या तारेचं सांगताना मागच्या रांगेतून कोणीतरी हसू दाबलं, तेही त्यांनी ऐकून घेतलं. अंकुरची माफी मागितली. पुण्याच्या पाहुण्यांना तिथूनच फोन लावून सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती, मुलीचे आकडे खरे आहेत. समितीने मयुरीला निर्दोष ठरवलं. बाहेर पडताना कुसुमताईंना वाटलं, एक ओझं उतरलं.

मग त्या गाडी काढून उमरेडला गेल्या.

धकात्यांचं घर विणकरांच्या जुन्या वस्तीत होतं. हातमाग गेला तेव्हा त्याच्याबरोबर त्या घराचा खडखडाटही गेला होता. ताराचंद आता कोळसा खाणीच्या कंत्राटदाराकडे गाडी चालवायचा. त्याने खुर्ची पुसून दिली. त्याची आई वच्छलाबाई पाण्याचा तांब्या ठेवून भिंतीला टेकून बसली. मयुरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, पुढे आली नाही.

कुसुमताईंनी हात जोडले आणि सगळं सांगितलं, तारेसकट, कुर्त्यासकट. “मयुरी, तू कनेक्शन पाहू द्या म्हणत होतीस. मी तेवढं ऐकलं असतं तर हे काहीच झालं नसतं. मला माफ कर.”

मयुरी खाली बघत होती. “चिप जळली तं नाही ना मॅडम?”

“नाही. तू घातलेल्या हद्दीने वाचली.”

“मग मी येईन उद्यापासून,” ती म्हणाली. एवढंच. हसली नाही, रडली नाही. चहाचा कप आणून दिला आणि आत गेली. कुसुमताईंनी चहा घेतला. मनावरचं उरलंसुरलं ओझंही उतरत असल्यासारखं त्यांना वाटलं, आणि त्या निघाल्या.

ताराचंद गाडीपर्यंत आला. दार उघडून दिलं. मग दार धरूनच उभा राहिला.

“मॅडम, एक बोलू का?”

“बोला ना.”

“तुमचा फोन आला न, त्या दिवशी हे पोरगी सांजच्याले घरी आली. म्हने, बाबा, मी खोटं नाही केलं. मी म्हनलं, तुह्यापेक्षा मॅडमले जास्त समजते. ते परत म्हने, नाही केलं. तं मी तिले मारलं.” तो हळू बोलत होता, आत ऐकू जाऊ नये म्हणून. “जनमात हात नाही लावला होता मी तिले. आमच्या आईनं हात धरला माहा, तरी मारलं. शिकलेली बाई काहून खोटं बोलन, असं वाटलं मले.”

कुसुमताईंचा हात गाडीच्या दारावर होता, तो तिथेच राहिला.

“तुम्ही आल्या, माफी मांगली, चांगलं केलं. पोरीनं तुम्हाले चहा देला. मले ते पोरगी त्या दिवसापासून बाबा म्हनून हाक नाही मारून राहिली.” त्याने मान वर केली. “तुम्ही येवढे लेक्चर देता मॅडम. तिच्याशी कसं बोलू, तेवढं सांगा न मले.”

आयुष्यभर हजारो पोरांच्या प्रश्नांना न अडखळता उत्तरं दिलेल्या कुसुमताई त्या दारापाशी उभ्या राहिल्या. ताराचंद वाट पाहत होता.